डॉक्टरांचे शिक्षण, बढती, बदली आणि नेतृत्व: रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

"आमचे डॉक्टर बदलून गेले जी, आता कोणाला दाखवू?" गडचांदूर, कोरपना, जिवती, राजुरा या भागात हा प्रश्न दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी निघतो. दोन वर्षे ज्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या बसवून दिल्या, ज्यांना तुमच्या आईची किडनी नाजूक आहे हे न सांगता आठवत होते, ते एके दिवशी नसतात. त्यांच्या खुर्चीवर नवे, बहुतेक वेळा वयाने लहान डॉक्टर बसलेले असतात. आपण मनात म्हणतो, हे शिकाऊ दिसतात.

डॉक्टरांची कारकीर्द कशी चालते, हा त्यांचा खासगी विषय वाटतो. पण त्यांनी पुढे शिकायला कधी जावे, बदली कधी होते, दवाखाना चालवायची जबाबदारी कोणावर पडते, रात्री दोन वाजता निर्णय कोण घेतो, याचा परिणाम थेट तुमच्यावर होतो. म्हणून हा लेख तुमच्यासाठी आहे, डॉक्टरांसाठी नाही.

पाटीवरच्या पदव्या कशा वाचाव्या

एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर एक वर्षाची इंटर्नशिप. इंटर्नशिप पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे कायम नोंदणी होते आणि मगच स्वतंत्रपणे रुग्ण तपासता येतात. एमडी किंवा एमएस हा त्यापुढचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. औषधोपचाराच्या शाखांना, म्हणजे मेडिसिन, बालरोग, त्वचारोग यांना एमडी. शस्त्रक्रियेच्या शाखांना, म्हणजे सर्जरी, अस्थिरोग, नेत्ररोग यांना एमएस. डीएनबी ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी त्याच पातळीची मानली जाते. दोन वर्षांचे डिप्लोमाही आहेत, जसे डीसीएच म्हणजे बालरोगाचा, डीजीओ म्हणजे स्त्रीरोग व प्रसूतीचा. हृदय, मेंदू, किडनी यांचे तज्ज्ञ आणखी तीन वर्षे शिकून डीएम किंवा एमसीएच होतात. बारावीनंतर मोजले तर हृदयरोगतज्ज्ञ व्हायला किमान साडेअकरा वर्षे लागतात, तीही प्रत्येक प्रवेश परीक्षा पहिल्या फटक्यात निघाली तर. बहुतेकांची निघत नाही.

बीएएमएस हे आयुर्वेदाचे आणि बीएचएमएस हे होमिओपॅथीचे पदवीधर. आपल्या भागात गावातला पहिला डॉक्टर बहुधा यांपैकी असतो. १०८ च्या रुग्णवाहिकेत आणि उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही बीएएमएस डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत. पदवी कोणतीही असो, ती विचारण्यात संकोच करू नका. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर देणे हा आचारसंहितेचाच भाग आहे. एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांचा क्रमांक मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पाटीवर चार ओळी अक्षरे असतील आणि क्रमांक नसेल, तर आधी क्रमांक विचारा.

कोण कोणाच्या हाताखाली असते

सरकारी दवाखाने बाहेरून सारखेच दिसतात, पण त्यांचे मालक वेगवेगळे आहेत. तक्रार किंवा विनंती चुकीच्या दारात गेली की ती तिथेच पडून राहते, म्हणून हे एकदा नीट समजून घ्या.

उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. केंद्राचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी, त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकारी, त्यांच्यावर चंद्रपूरला जिल्हा आरोग्य अधिकारी. नियमाप्रमाणे सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आदिवासी, डोंगरी भागात २०,००० मागे एक. उपकेंद्रासाठी हेच आकडे ५,००० आणि ३,००० असे आहेत. माणिकगड पहाडावरच्या वस्त्यांसाठी हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तिथे लोकसंख्या कमी आणि पायवाट जास्त.

ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय ही राज्याच्या आरोग्य विभागाची. गडचांदूर आणि कोरपन्याला ग्रामीण रुग्णालय आहे, राजुऱ्याला उपजिल्हा रुग्णालय. ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचे असते आणि त्याचे प्रमुख वैद्यकीय अधीक्षक. अधीक्षकांवर जिल्हा शल्य चिकित्सक, त्यांच्यावर नागपूरला आरोग्य सेवा उपसंचालक. 'शल्य चिकित्सक' या नावाने फसू नका. हे प्रशासकीय पद आहे, साहेब सर्जन असतीलच असे नाही.

चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे २०१५ मध्ये सुरू झाले, ते वैद्यकीय शिक्षण विभागाचे. तिथले प्रमुख अधिष्ठाता म्हणजे डीन. गडचिरोलीचे महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या राज्यातील दहा महाविद्यालयांपैकी एक आहे. म्हणजे आता या दोन्ही जंगलपट्ट्यातल्या जिल्ह्यांत डॉक्टर घडतात.

मेडिकल कॉलेजात भेटणारे तरुण डॉक्टर

चंद्रपूर किंवा नागपूरला रुग्ण भरती झाला की पहिल्या तासात चार-पाच पांढरे कोट येऊन तेच तेच प्रश्न विचारतात. नातेवाईक वैतागतात. पण त्यामागे एक उतरंड आहे. सगळ्यात खाली विद्यार्थी आणि इंटर्न. मग निवासी डॉक्टर, म्हणजे एमडी-एमएस करणारे: पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाचे. मग वरिष्ठ निवासी, मग सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक. दोन-तीन प्राध्यापक व त्यांच्या हाताखालचे निवासी मिळून एक 'युनिट' होते. तुमचा रुग्ण एका युनिटच्या नावावर दाखल असतो आणि त्या युनिटचे प्रमुख हेच त्याच्या उपचाराला अंतिम जबाबदार असतात.

त्यामुळे वॉर्डात विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न "मोठे डॉक्टर कुठे आहेत?" हा नाही. "आमचा रुग्ण कोणत्या युनिटमध्ये आहे, युनिटप्रमुख कोण, त्यांचा राउंड कधी असतो?" असे विचारा. नाव आणि वेळ कागदावर लिहून घ्या. राउंडच्या वेळी घरातल्या एकाच माणसाने थांबावे आणि बोलावे. पाच जणांना पाच वेळा सांगितलेली माहिती घरी पोहोचेपर्यंत पाच प्रकारची होते.

पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला कमी लेखू नका. तो एमबीबीएस झालेला, नोंदणीकृत डॉक्टर असतो आणि रात्रभर तुमच्या रुग्णाजवळ तोच असतो. पण एक हक्क तुमचा आहे: शस्त्रक्रियेची संमती देताना ती कोण करणार आणि वरिष्ठ हजर असतील का, हे विचारायचा. चांगल्या युनिटमध्ये या प्रश्नाचे उत्तर सरळ मिळते.

जिल्हा रुग्णालयात अचानक बाहेरचे एमडी करणारे डॉक्टर दिसले, तर तेही समजून घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या नियमानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावे लागते. ते तिथे तात्पुरते असतात, पण हात शिकलेला असतो. त्यांच्याकडून सल्ला जरूर घ्या, फक्त पुढची तारीख त्यांच्या नावावर न घेता ओपीडीच्या नावावर घ्या.

डॉक्टर जातात का?

यामागे बहुधा तीन कारणे असतात आणि तिन्ही वेगळी ओळखावी.

पहिले बंधपत्राचे, ज्याला सगळे 'बॉण्ड' म्हणतात. सरकारी व महापालिकेच्या महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात येणारे पंचविशीतले डॉक्टर बरेचदा या वर्षासाठीच आलेले असतात. वर्ष संपले की ते जाणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते. यात कुणाचा विश्वासघात नाही.

दुसरे कारण पुढचे शिक्षण. नीट-पीजी निघाली, जागा मिळाली की डॉक्टरला ठरावीक तारखेच्या आत रुजू व्हावे लागते. अनेकदा आठवडाही हातात नसतो. निरोप घ्यायला वेळ मिळत नाही, रुग्णांची यादी नीट सोपवायला तर नाहीच. सरकारी सेवेत राहून पुढे शिकायची वाटही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० च्या निकालात सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागांचा स्वतंत्र कोटा ठेवायची मुभा राज्यांना दिली. त्याआधीपासून वैद्यकीय परिषदेच्या नियमांत दुर्गम व अवघड भागातल्या प्रत्येक वर्षाच्या सेवेसाठी १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के, वाढीव गुणांची तरतूद आली होती. म्हणजे जिवतीसारख्या ठिकाणी काढलेली वर्षे डॉक्टरच्या पुढच्या शिक्षणात मोजली जावीत, असा त्यामागचा विचार. मला हा विचार पटतो. दुर्गम भागातली नोकरी ही शिक्षा नसून पायरी आहे असे जोवर डॉक्टरला कागदावर दिसत नाही, तोवर भाषणांनी फारसा फरक पडत नाही.

तिसरे बदली. महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा कायदा २००५ चा आहे. त्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण काळ तीन वर्षे आणि बदल्या एप्रिल-मे महिन्यांत. आता हे कॅलेंडर आपल्या भागाशी लावून पाहा. मेअखेर जुने डॉक्टर जातात, जूनमध्ये नवे रुजू होतात आणि त्याच सुमारास पाऊस सुरू होतो. साप, विंचू, हिवताप, हगवण, सगळे एकदम. ज्यांना अजून औषधाचे कपाट कुठे आहे हे माहीत नाही, त्यांच्यासमोर वर्षातला सर्वांत कठीण हंगाम असतो. म्हणून दीर्घ आजाराच्या रुग्णांनी वार्षिक तपासणी आणि औषधांचा आढावा एप्रिलमध्येच, ओळखीचे डॉक्टर असताना, करून घ्यावा असे माझे सांगणे असते.

डॉक्टर बदलले तरी उपचार तुटू नयेत म्हणून

एक साधी फाइल करा. प्लॅस्टिकची, पावसात न भिजणारी. त्यात डिस्चार्ज कार्ड, शेवटच्या सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, ईसीजी. सगळ्यात वर एक कागद: आजाराचे नाव, तो कधीपासून आहे, चालू गोळ्यांची नावे व मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी. हा कागद जुन्या डॉक्टरांकडूनच लिहून घेता आला तर उत्तम. रुग्णालयात भरती झालेल्या रुग्णाने किंवा नातेवाइकांनी नोंदी मागितल्या, तर त्या ७२ तासांच्या आत द्याव्यात असा वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. लेखी अर्ज करा, पोच घ्या.

रक्तदाब, मधुमेह, फिट्स, थायरॉइड यांच्या गोळ्या "नवे डॉक्टर बघतील मग घेऊ" म्हणून थांबवू नका. फिट्सच्या गोळ्या अचानक बंद केल्याने सलग झटके येऊ शकतात. क्षयरोगाच्या रुग्णांची नोंद निक्षय प्रणालीत असते. तो क्रमांक जपून ठेवला तर राजुऱ्याचे औषध नागपूरलाही सुरू राहते.

सिकलसेलचे रुग्ण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बरेच आहेत, म्हणून त्यांच्यासाठी थोडे अधिक. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल, तर ठरलेल्या अंतराने रक्तपेशींची तपासणी लागते. डॉक्टर बदलले आणि तपासणीच्या तारखेचा विसर पडला, असे सहज होऊ शकते. तारीख तुम्ही लक्षात ठेवा. नव्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: "मुलाला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, हायड्रॉक्सियुरिया चालू आहे." ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक अशक्तपणा किंवा पोटात डाव्या बाजूला फुगवटा यांपैकी काहीही झाले, तर ओळखीच्या डॉक्टरची वाट पाहू नका. त्या वेळी जे डॉक्टर असतील ते तुमचे.

नेतृत्व म्हणजे नेमके काय?

नेतृत्व म्हटले की आपल्याला सत्कार, हार, खुर्ची आठवते. दवाखान्यातले नेतृत्व फार साध्या गोष्टींत असते. साप चावलेला माणूस रात्री येतो. चावलेला साप कोणी पाहिलेला नाही. अशा वेळी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटे हलवायचे नाही, आणि मग गोठले का ते पाहायचे. गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाचे विष भिनले असा अर्थ निघतो आणि प्रतिविष सुरू करावे लागते. नाग किंवा मण्यार असेल तर रक्त गोठते, पण पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. तिथे प्रतिविषासोबत श्वास चालू ठेवायची तयारी लागते.

यातले एकही काम मोठ्या शहराचे नाही. पण काचेची नळी ड्रॉवरमध्ये असायला हवी, प्लॅस्टिकची चालत नाही. रात्रपाळीच्या सिस्टरना डॉक्टर येण्याआधी ही तपासणी सुरू करायची परवानगी हवी. प्रतिविषाच्या कुप्या संपायच्या आधी मागणी गेलेली हवी. ॲम्बू बॅग कुठे आहे हे शिपायालाही ठाऊक हवे. हे सगळे कोणीतरी दिवसा, काही घडत नसताना, ठरवून ठेवलेले असते. वैद्यकीय अधीक्षकाचे नेतृत्व ते हेच. एमबीबीएसच्या जुन्या अभ्यासक्रमात हे कोणी शिकवत नव्हते. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात मात्र डॉक्टरने उपचारकर्त्यासोबत 'आरोग्य पथकाचा नेता व सदस्य' आणि 'चांगला संवादक' व्हावे, असे स्पष्ट लिहिले आहे. वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचे तासही त्यात आहेत. वाईट बातमी कशी सांगावी, हे आता विद्यार्थ्यांना सरावाने शिकवले जाते.

(तुमच्या बाजूने: साप चावल्यावर घट्ट आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हात-पाय फळीने स्थिर करून थेट दवाखाना गाठा. मूल लहान असले तरी प्रतिविषाची मात्रा मोठ्यांइतकीच असते, ते पाहून घाबरू नका.)

दुसरी परीक्षा रेफर करण्याची. गडचांदूरहून चंद्रपूरला जायचे तर वर्धा नदी ओलांडावी लागते. राजुरा-बल्लारपूरच्या पुलावर पुराचे पाणी आले की रस्ता बंद, आणि भोयगावच्या बाजूलाही तीच गत होऊ शकते. अशा रात्री बाळंतिणीला पाठवायचे की इथेच करायचे, पाठवायचे तर आत्ता की दोन तासांनी, हा निर्णय डॉक्टरच्या पदवीपेक्षा त्याच्या तयारीवर ठरतो. पुराच्या दिवसांत तारीख जवळ आलेल्या बाईला आधीच नदीपलीकडे नेऊन ठेवणारा डॉक्टर तुम्हाला कदाचित घाईचा वाटेल. त्याचे ऐका.

रेफर करताना चांगले डॉक्टर तीन गोष्टी करतात: पुढच्या रुग्णालयाला फोन, काय दिले ते वेळेसकट चिठ्ठीवर, आणि सोबत कोण जाणार ते ठरवणे. यातले काही राहिले असे दिसले, तर तुम्ही विचारा. "तिकडे कळवले आहे का? तिथे कोणाला भेटायचे?" असा प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

या जंगलात घडलेले डॉक्टर

डॉक्टरच्या कारकिर्दीचे वेगळे नमुने पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. डॉ. प्रकाश आमटे यांनी नागपूरचे सर्जरीचे पदव्युत्तर शिक्षण सोडून १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकशाला काम सुरू केले. डॉ. मंदाकिनी आमटे भूलतज्ज्ञ होत्या. जिथे रस्ता नाही, वीज नाही, माडिया भाषेखेरीज संवाद नाही, अशा ठिकाणी त्यांनी भाषा शिकण्यापासून सुरुवात केली. २००८ मध्ये दोघांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो ज्या विभागात मिळाला त्याचे नाव 'सामुदायिक नेतृत्व' असे आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची वाट निराळी. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून ते परत आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांच्यापुढचा प्रश्न असा: बाळे पहिल्या महिन्यात मरतात, आणि डॉक्टर गावात नसतो. मग त्यांनी गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले. बाळाचे वजन, ताप, श्वास मोजणे, जंतुदोष ओळखणे, अगदी इंजेक्शन देणेसुद्धा. ३९ गावांत हे केले आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, दवाखान्यात बाळंतपण झाले तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, त्या योजनेचे मूळ इथे आहे. तुमच्या घरी आशाताई तराजू घेऊन येतात तेव्हा तिला दारातून परत पाठवू नका.

डॉक्टरने आपल्या हातातले काम दुसऱ्याच्या हाती द्यायला शिकणे, हे बहुधा या व्यवसायातले सर्वांत अवघड कौशल्य. आपल्यालाही ते पटायला वेळ लागतो. "डॉक्टरांनी हात लावला नाही, सिस्टरनेच पाहिले" ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. प्रशिक्षित सिस्टरने किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने रक्तदाब पाहून गोळी चालू ठेवली, तर त्यात तुमचे काही कमी झालेले नाही. उलट डॉक्टरची पंधरा मिनिटे त्या धाप लागलेल्या म्हाताऱ्यासाठी मोकळी झाली.

या नावांबद्दल एक गोष्ट मात्र बोलायला हवी. आपण गावोगाव प्रत्येक तरुण डॉक्टरकडून आमटे किंवा बंग होण्याची अपेक्षा करतो आणि तो नाही झाला की त्याला पैशाचा लोभी ठरवतो. हे अन्यायाचे आहे. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, गळके क्वार्टर, सलग चोवीस तासांची ड्युटी, हे प्रश्न डॉक्टरलाही आहेत. जिल्ह्याचे आरोग्य काही मोजक्या तपस्व्यांवर चालत नाही. तीन वर्षे नेटाने काम करून, चांगली नोंदवही मागे ठेवून बदलून जाणाऱ्या साध्या डॉक्टरांवर ते चालते.

तुमचे कुटुंब 'दत्तक' घेणारा विद्यार्थी

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ पासून एमबीबीएसमध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून खेड्यातली काही कुटुंबे, साधारण तीन ते पाच, नेमून दिली जातात. तो अधूनमधून घरी येतो, रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, लसीकरण पाहतो. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची तुकडी गावात जाऊन राहण्याची पद्धत याहून खूप जुनी आहे.

असा विद्यार्थी घरी आला तर त्याच्याकडून औषध मागू नका, ते देण्याचा त्याला अधिकार नाही. पण त्याला खरे सांगा. दारू, तंबाखू, गोळी परवडत नाही म्हणून एकाआड एक दिवस घेतो, पहाडावरून उतरायला तीन तास लागतात. पुस्तकात न मिळणारी ही माहिती आहे. गोंडी, कोलामी किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरांनी तर मुद्दाम चार शब्द शिकवावेत. "कुठे दुखते" हा प्रश्न आजीच्या भाषेत विचारता येणारा डॉक्टर पुढे कुठेही गेला तरी उपयोगी पडतो.

पदवीनंतरही शिकणे थांबत नाही. महाराष्ट्रात नोंदणी चालू ठेवायला डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात. परिषदा, कार्यशाळा यांतून ते मिळतात. "डॉक्टर आज कॉन्फरन्सला गेले" अशी पाटी दिसली तर दरवेळी ती सहलच असते असे नाही. मात्र त्यांच्या जागी कोण आहे, हे पाटीवर लिहिलेले असलेच पाहिजे.

अडचण आली तर कुठे बोलावे

उपचार चालू असताना वाद घालू नका. आधी रुग्ण स्थिर होऊ द्या. नंतर त्याच दिवशी प्रमुखांना भेटा: प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी; ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात अधीक्षक, मग जिल्हा शल्य चिकित्सक; महाविद्यालयात युनिटप्रमुख, विभागप्रमुख, मग अधिष्ठाता. तक्रार लेखी, तारीख-वेळ घालून, एका पानात. काय घडले ते लिहा, कोण कसा माणूस आहे ते नको. १०४ या क्रमांकावर आरोग्य सल्ल्यासोबत तक्रारही नोंदवता येते. तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर माता व बाळासाठी १०२.

डॉक्टर, सिस्टर किंवा कर्मचाऱ्यांवर हात उचलणे, तोडफोड करणे हा २०१० च्या राज्य कायद्यानुसार गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. शिवाय मारहाण झालेल्या दवाखान्यात पुढचा डॉक्टर यायला तयार होत नाही, आणि त्याची किंमत पुढच्या वर्षीच्या बाळंतिणीला मोजावी लागते.

सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या हाती काही निधी असतो आणि त्यातून छोट्या गोष्टी होऊ शकतात: नातेवाइकांसाठी बाक, इन्व्हर्टर, क्वार्टरची दुरुस्ती. बैठक कधी आहे ते विचारा, आपल्या सदस्यामार्फत मागणी द्या. एप्रिलच्या बैठकीत एवढे जरूर मांडा: बदलून जाणाऱ्या डॉक्टरांनी दीर्घ आजारी रुग्णांची यादी नव्या डॉक्टरांना लेखी सोपवावी, आणि पावसाळ्याआधी प्रतिविष, ऑक्सिजन व रुग्णवाहिकेची पाहणी करून तिची तारीख दर्शनी फलकावर लावावी.